भांडणाची खोली

साहेब, तुम्ही अडाणी आहात. इस्पितळातली सगळ्यात मोठी खुर्ची तुमची, म्हणून कुणी तोंडावर सांगत नाही एवढंच. हाडांचे डॉक्टर आणि रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरीणबाई पेशंटसमोर भांडतात, म्हणून तुम्ही त्यांना दोन इमारतींत पाठवलंत. त्या भांडणानेच माझ्या धाकट्या भावाचा पाय वाचला.

तो बांधकामावर परांचीवरून पडला. गुडघ्याच्या वर हाड मोडलेलं, आतली शीर तुटलेली, पाऊल पांढरंफटक.

"ताई, पाय राहील ना गं?"

"राहील," म्हटलं. मला काय कळत होतं, डोंबल?

हाडवाले म्हणाले, "आधी हाड सरळ करतो."

"तुमचं सुतारकाम होईस्तोवर पाय मरेल," बाई म्हणाल्या. "आधी शीर शिवते."

"शिवा! मी हाड ओढलं की टाके टराटर उसवतील. मग माझ्या नावाने बोंबला."

"हळू ओढा की. बैल आहात का?"

इथे पाय चाललाय आणि ही दोघं जावा-जावांसारखी भांडतायत! उशाशी भूल देणारे म्हातारे डॉक्टर होते. यंत्रावरची नजर न काढता ते म्हणाले, "रक्त फार गेलंय. एवढी लांबलचक कामं आत्ता त्याला झेपणार नाहीत. काहीतरी मधलं काढा."

दोघंही पुन्हा पायावर वाकली.

मग बाई सावकाश म्हणाल्या, "शिरेच्या दोन टोकांमध्ये तात्पुरती नळी बसवते. रक्त खाली जात राहील. तुम्ही बाहेरून सळ्या लावून हाड धरा. हा सावरला की मग शिवते."

"हे आधीच बोलायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना!"

त्याला आत नेलं. बऱ्याच वेळाने मला बोलावलं. बाईंनी माझा हात धरून त्याच्या पावलावर ठेवला. कोमट होतं.

"निम्मं श्रेय सुताराला द्या," हाडवाले मागून म्हणाले.

"निम्मं? पाव घ्या."

आता त्या दोघांच्या मधे रस्ता आहे. पेशंट ज्याच्या दारात पोचेल, तो आपलंच काम आधी उरकणार. "थांबा" म्हणणारं माणूस रस्त्यापलीकडे. साहेब, तुमच्या घरचं कुणी असं आलं, तर आधी कुठल्या इमारतीत न्यायचं? फाइलवर शेरा नको. तोंडाने सांगा.