चार बोटांची पोकळी

निवृत्तीनंतर दहिवलीच्या घरी मी दरवर्षी जांभळाची वाइन करीत असे. जांभळे खालापूरच्या अबूबकरभाईंच्या परसातली. मी कागद गिरणीत फोरमन असताना गिरणीच्या वाटेवर त्यांचे बाटल्या-बरण्यांचे दुकान होते, ओळख तेव्हाची. अकरा वर्षे ते दोन पाट्या जांभळे स्वतः एसटीने आणून देत. वाइन मात्र त्यांना वर्ज्य. त्यामुळे आमच्या घरून ते कोऱ्या चहाखेरीज काही न घेता परत जात, आणि ही एकतर्फी देवघेव मला खटकत असे.

अठ्ठ्याहत्तर सालच्या आषाढात ते रिकाम्या पाट्या न्यायला आले, त्या दिवशी मी बरण्या बदलत होतो. फसफस थांबली की तळाशी गाळ बसतो. वरची निवळ वाइन रबरी नळीने धुतलेल्या बरणीत उतरवायची. गाळ मागे राहतो, म्हणून नव्या बरणीच्या गळ्याशी चार बोटे पोकळी उरते. ती गेल्या वर्षीच्या वाइनने भरून लगेच बूच लावायचे, कारण आत हवा राहिली तर वाइन आंबून तिचा सिरका होतो. हे सर्व मी त्यांना क्रमाने समजावून सांगितले.

त्यांनी विचारले, "तुमची वाइन कधी बिघडत नाय का, फोरमन?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही."

"मग आमचं नशीब," ते म्हणाले आणि हसले.

मग त्यांनी सांगितले. त्यांची आई नूरबानो जांभळाचा सिरका घालीत असे. तळलेल्या मासळीबरोबर त्यात मुरलेला कांदा असे. आई गेली आणि तो सिरकाही गेला; घरात पुढे कुणाला तो साधला नाही, दर वेळी बुरशी धरली. माझ्या बरण्या पाहून त्यांनी मौलवीसाहेबांना विचारूनही ठेवले होते. वाइन आपोआप आंबली आणि आंबवण्यासाठी तिच्यात कुणी काही घातले नाही, तर तो सिरका चालतो, असे उत्तर मिळाले होते.

ते गेल्यावर आमच्याकडे घरकामाला असलेली सोनुबाई म्हणाली, "येक बरनी बिघडू द्या की. येवढंबी येत नाय का तुमाला?"

एक बरणी मी गेल्या वर्षीच्या बाटलीतून गळ्यापर्यंत भरली होती. दुसरी तशीच उणी ठेवली आणि तोंडाला मलमल बांधली. काही करायचे नाही, एवढेच आता काम होते. ते मला फार जड गेले. रोज सकाळी दोन्ही बरण्यांची पातळी पाहून मी वहीत नोंद करी आणि उण्या बरणीपुढून मुद्दाम लवकर निघे.

भाद्रपदात एका सकाळी अंगणातल्या पाण्याच्या नळाचा विचार डोक्यात होता. हाताने आपला क्रम पुरा केला: मलमल सोडली, फडताळातली अर्धी उरलेली बाटली उचलली, बरणी भरली, पुसली. बूच लावताना माझ्या ध्यानात आले.

मी पडवीत बसून राहिलो. आता आपोआप म्हणण्याजोगे त्या बरणीत काही उरले नव्हते, आणि खोटे सांगून अबूभाईंच्या ताटात काही वाढणे मला शक्य नव्हते. सोनुबाई फडके घेऊन आत गेली आणि बाटली हातात धरून बाहेर आली.

"ह्याला वास कसला येतोय, बगा."

मी हुंगले; मग चमच्यावर घेऊन चाखले. अर्धी रिकामी बाटली लहान बाटलीत ओतून बंद करायची, हा माझाच नियम. उण्या बरणीकडे लक्ष ठेवण्याच्या नादात तो मी विसरलो होतो. सैल बुचाखाली दोन महिन्यांत तिचा स्वच्छ, तांबूस सिरका झाला होता. त्यात कुणी काही घातले नव्हते.

"बरनीतबी हेच वतलंत ना?" सोनुबाई म्हणाली. "र्‍हाऊ द्या. लोनच्याला व्हईल."

बाटलीत उरलेला सिरका घेऊन दुपारच्या एसटीने मी खालापूरला अबूभाईंचे दुकान गाठले आणि बरणी, हात, बाटली असे सगळे काही न वगळता सांगितले. अबूभाईंनी शेजारच्या दुकानातून कांदा आणवला, चिरला, बशीत सिरका ओतला. एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. गिऱ्हाईक आले, त्याला हातानेच थांबवले.

"अम्मीचा जरा जास्त आंबट असायचा," ते म्हणाले आणि तिसरी फोड बशीत बुडवली. मग म्हणाले, "पुढल्या वर्षीबी असंच विसरा, फोरमन."

मी खिशातली वही काढली. त्यांनी माझे मनगट धरले.

"लिहू नका. लिहिलंत तर आठवेल."