डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या आजोबांना ऐंशीव्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ हळू वाढणारी आहे. ऑपरेशन करता येईल, नाहीतर ठरावीक दिवसांनी रक्त तपासून नुसतं लक्ष ठेवू. पण ऑपरेशननंतर नवराबायकोचे संबंध पहिल्यासारखे राहतीलच असं नाही. चालेल?"

एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आजी. आजोबांचे कान तापले.

"छे! या वयात कसलं काय? उरकून टाका ऑपरेशन."

लेक फॉर्म आणायला बाहेर गेला. आजी मान खाली घालून पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या. त्यांच्याकडे पाहून आजोबा शरमेनं अर्धे झाले. लेकासमोर अब्रू राखायला त्यांनी बायकोलाच नाकारलं होतं.

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "मघाशी खोटं बोललो मी. आम्हाला नाही चालणार."

बोलून मान वळवतात तो लेक फॉर्म घेऊन दारातच उभा. धरणी दुभंगेल तर बरं, असं आजोबांना झालं.

"अहो, जरा हळू बोलायचंत की," आजी पुटपुटल्या.

लेकानं फॉर्मवरची नजर काढली नाही. "बाबा, मग लक्षच ठेवू," तो म्हणाला. "हा परत देऊन येतो."