मान वर करायची नाही

"पहिली ये असं कोण म्हणतंय? गाडी शेवटपर्यंत चालती ठेव, बस्स," ठोंब्या म्हणाला. म्हणाला ते फरशीला, कारण त्याचं तोंड फरशीकडेच होतं.

ठोंब्या हा ताईचा धाकटा भाऊ. तिशी उलटली, ऑफिसात चार माणसं हाताखाली आली, तरी घरात ठोंब्या तो ठोंब्याच. गेल्या आठवड्यात त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन केलं, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि बजावलं, की आता रात्रंदिवस पालथं पडून राहायचं, मान वर करायची नाही. बुडबुडा नेहमी वरच्या बाजूला जातो. तोंड खाली ठेवलं तरच तो मागच्या पडद्याला दाबून धरणार आणि पडदा चिकटणार. ताईचं शिवणकामाचं दुकान, त्यामुळे तिला हे लगेच समजलं. कॉलरीला कॅनव्हास चिकटवताना इस्त्री दाबून धरावी लागते. मधेच उचलली की फुगा येतो, आणि फुगा आला की ती कॉलर कामातून गेली. कॉलर काय, दुसरी कापता येते.

हे समजलं म्हणूनच तिची झोप उडाली होती. ठोंब्याला मात्र कितीही सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. आज सकाळी ती डोळ्यात घालायचे थेंब घेऊन खोलीत गेली, तर साहेब पलंगावर ताठ बसून मोबाईल बघतायत! तिने असा काही आरडाओरडा केला, की शेजारीण जिन्यात येऊन उभी राहिली.

"अगं, जरा तर बसलो होतो."

"जरा बसण्यातच डोळा जातो, मेल्या!" असं म्हणून तीच रडायला लागली. मग तह झाला. दुपारी त्याच्या व्हिडिओ गेममधली मोसमातली शेवटची शर्यत होती. ताईने त्याच्या जागी बसून गाडी चालवायची, आणि त्याने काही झालं तरी मान वर करायची नाही. त्याने शप्पथ घेतली. त्याच्या शपथांवर ताईचा लहानपणापासून काडीचा विश्वास नव्हता, पण दुसरा इलाज तरी काय होता?

त्या शर्यतींचं तिला मेलं काय कौतुक असणार! रस्त्यावर रोज दिसतात तशाच गाड्या, अंगभर जाहिराती चिकटवलेल्या. लांबट गोल रस्त्यावर डावीकडे, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळत राहतात आणि निघाल्या तिथेच परत येतात. यासाठी धडधाकट माणूस सुट्टीचा दिवस कसा घालवतो, हे तिला कधीच उमगलं नव्हतं.

स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं होतं, खाली दोन पेडल. टेबल पलंगाला खेटून. तिने चिंध्या भरून एक कड्यासारखी उशी शिवली होती, तिच्यात कपाळ टेकून ठोंब्या पलंगाच्या कडेला पालथा पडला होता. श्वास घेतला की त्याची पाठ वर-खाली व्हायची आणि प्रत्येक वेळी ताईला वाटायचं, उठला.

"काय चाललंय ते सांगत राहा," तो म्हणाला. "सगळं सांग. काही गाळू नकोस."

हिरवा झेंडा पडला. ताईने चप्पल काढली, पाय पेडलवर ठेवला आणि मशीन चालवतात तसा दाबला. गाडी सुसाट निघाली. पायाला सवय होती, तिचं तिलाच नवल वाटलं. सरळ शिलाई काय आणि सरळ रस्ता काय. मग पहिलं वळण आलं आणि ताई चक्क थांबली.

आता तिचा उभा जन्म ज्यात गेला, तेच तिने केलं. कोपरा आला की पाय काढायचा, सुई कापडात उतरवून ठेवायची आणि मग कापड फिरवायचं. इथे सुई नव्हती, पण मागून भरधाव येणाऱ्या गाड्या होत्या. त्यांतल्या तीन येऊन तिच्यावर आदळल्या आणि स्पीकरमधून एकच गलका उठला.

"ताई, थांबू नका! थांबू नका!" हा आवाज वस्तादचा. वस्ताद म्हणजे खेळातला ठोंब्याचा जोडीदार. त्याला या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं, नुसता आवाज ओळखीचा. दोघांच्याही गाड्या शेवटपर्यंत पोचल्या तरच त्यांच्या जोडीचा क्रमांक लागणार होता.

"थांबलीस?" ठोंब्याचे खांदे उचलले गेले.

"खाली! आधी खाली हो!" ताई ओरडली. "कोपरा होता म्हणून थांबले."

"अगं, कोपरा नाही तो, वळण आहे. बाही जोडताना गोलाईत थांबतेस का?"

"बाहीला कशाला थांबीन?"

"मग! पाय थोडासा हलका करायचा आणि वळवत न्यायचं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणे वळण," ताई पुटपुटली. पण बाही म्हटल्यावर तिचा पाय सरळ झाला. चेपलेली गाडी घेऊन ती गोलाईतून गोलाईत जाऊ लागली, सगळ्यांच्या मागे, पण थांबली नाही.

जीव मात्र टांगणीला लागलेला होता. एक डोळा पडद्यावर, एक पलंगावर. पडद्यावर गाड्या अंगाला अंग घासत होत्या आणि पलंगावर त्या पोराची बोटं चादर चुरगाळत होती. शर्यत फार रंगली तर तो उठेल, आणि अगदीच मिळमिळीत झाली तर कंटाळून उठेल. कुठल्या बाजूने जायचं हेच तिला कळेना. तोंडाने ती सांगतच होती.

"आला, आला... अगं बाई! मेले!"

"कोण आला?"

"तो! मागून! नाही, बाजूने. गेला."

"कितव्या नंबरची गाडी?"

"नंबर बघू की जीव सांभाळू?"

"बरं, रंग तरी सांग."

"आमसुली."

"आमसुली म्हणजे कसला?"

"आमसुली म्हणजे आमसुली! बोलू नकोस, आला परत, देवा रे, हा घेऊनच जातो मला!"

स्पीकरमधून वस्ताद हसला. ठोंब्या हसला नाही. ताईला तेव्हा ते जाणवलंही नाही.

शर्यत संपत आली तशी पुढच्या घोळक्यात दोन गाड्या एकमेकींना घासल्या. एक आडवी झाली, तिच्यावर दुसरी चढली, आणि बघता बघता अख्खा रस्ता धूर आणि पत्र्यांनी भरून गेला. ताईच्या तोंडून अशी किंकाळी फुटली, की खरोखरचा अपघात झाला असता तरी तिला याहून मोठ्याने ओरडता आलं नसतं.

"काय झालं? ताई, काय झालं?" ठोंब्याचं कपाळ उशीतून सुटलं. हनुवटी वर आली.

ताईने उजवा हात स्टिअरिंगवरून काढला आणि त्याच्या मानेवर ठेवून त्याला खाली दाबलं. डाव्या हाताने तिने चाक डावीकडे ओढून धरलं. काय दिसत होतं? काहीच नाही. धूर. ती नुसती दाबून बसली, खाली पेडल आणि बाजूला मान. मग गाडी धुराच्या पलीकडे बाहेर पडली.

पिवळा झेंडा लागला. म्हणजे आता रस्ता साफ होईपर्यंत सगळ्यांनी एकामागे एक, हळू चालायचं. ताईने हात काढला नाही. आणि मग तिला हाताखाली ती मान थरथरताना जाणवली.

"हस, हस. माझा जीव जातोय आणि तू हस."

"माइक बंद कर," ठोंब्या म्हणाला. आवाज जड होता.

तिने कोपराने बटण दाबलं. "काय रे? दुखतंय?"

"डावा पण जायला लागलाय."

"काय डावा?"

"डोळा. त्याचाही पडदा पातळ झालाय, एक भोक पडतंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तू खाली औषधं आणायला गेली होतीस तेव्हा. वाचेलही म्हणाल्या. पण सांगता येत नाही म्हणाल्या."

ताईची गाडी पुढच्या गाडीला हळूच जाऊन टेकली. एका डोळ्याची भीती तिने कशीबशी पदरी घेतली होती. दुसऱ्याची कुठे ठेवायची, तिला सुचेना. डॉक्टरीणबाईंचा राग आला, भावाचा आला, औषधांच्या दुकानातल्या रांगेचाही आला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू रडली असतीस." त्याने कपाळ उशीत नीट टेकवलं. "शर्यतीचं मला काही पडलेलं नव्हतं, ताई. वस्तादला नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. मला बघायचं होतं, दुसऱ्या कुणी सांगितलं तर भागतं का. नुसतं सांगण्यावर."

"मग? भागलं?"

"नाही."

तो इतक्या सरळ बोलला, की ताईला समजूत घालायलाही वाव राहिला नाही.

"गाड्यांचे आवाज मला पाठ आहेत गं. पण मधे तू नुसतं आला, गेला, अगं बाई, मेले. तू घाबरलीस एवढंच मला कळत होतं. ते न सांगताही कळतं. ऑपरेशन झाल्यापासून घरात दुसरं काही ऐकू येत नाही मला. तू समोर काय आहे ते सांग ना."

ताईला हे लागलं. मी तुझ्यासाठी जिवाचं रान करतेय आणि तू माझ्याच बोलण्यात खोड काढतोस, असं ओठांवर आलंही होतं. पण तो म्हणत होता ते खरं होतं. आठवडाभर ज्याचा फोन येईल त्याला तिने आपली भीतीच सांगितली होती, याच खोलीत, याच पलंगाशी उभं राहून. डोळ्याबद्दल काय सांगितलं, ते तिला आठवेना.

"ताई, ऐकताय ना? ही फेरी झाली की हिरवा," वस्ताद म्हणाला. "दोन्ही हातांनी धरा. आता सगळे तुटून पडणार."

दोन्ही हातांनी. म्हणजे मानेवरचा हात काढायला हवा. ताईने त्या मानेकडे पाहिलं. घामाने केस चिकटलेले, कानामागे ऑपरेशनच्या चिकटपट्टीचा डाग. तिला तो हात उचलवेना.

"हात काढतेय," ती म्हणाली.

"काढ."

तिने काढला.

"समोर पांढरी गाडी आहे," ताईने सुरुवात केली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "तिचा मागचा बंपर एका बाजूने लोंबतोय. उजवीकडे भिंत, हातभर अंतरावर. डावीकडे रस्त्याच्या कडेचा पट्टा आणि पट्ट्याच्या आत गवत. हिरवा पडला. पांढरी निघाली, मी तिच्या मागे. मागे दोघं आहेत, जरा लांब आहेत. वळण येतंय. पांढरी भिंतीकडे सरकली. तिच्या डावीकडे, आतल्या बाजूला, जागा झाली."

"केवढी?" फरशीकडून आवाज आला.

"एक गाडी बसेल. अंगाबरोबर. जास्त नाही."

"मग जा."

मेले हा शब्द अगदी दातांपर्यंत आला आणि तिने तो गिळला. "पाय हलका केला," ती म्हणाली. "वळतेय. पांढरी माझ्या उजव्या हाताला आहे. तिचं पुढचं चाक दिसतंय. आता दिसत नाही. मागे पडली."

वळण सुटल्यावर तिने क्षणभर बाजूला पाहिलं. कपाळ उशीतच होतं, मान जागची हलली नव्हती. पुढचं वळण येत होतं. ते सांगायचं होतं म्हणून तिने लगेच नजर समोर वळवली.