कचऱ्याची सडक

"माझी टायरं कुटं हाईत?"

अग्बेकोच्या आरोळीनं सकाळी सकाळीच आख्खं आव्हेकोफे गाव दणाणलं. आम्ही शेजारी कसाव्याच्या वावराकडं निघालो होतो, ते कुदळी खांद्यावर ठेवून तिथंच थबकलो. नवराबायकोचं भांडण फुकटात बघायला मिळत असताना वावर काय पळून जातंय?

त्याची बायको दोव्ही मासळी साफ करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दिली."

"कुनाला?"

"सडकवाल्यांस्नी. चुरा करून डांबरात घालनार हाईत."

"आगं, पोटावर पाय दिलास की माझ्या! आन् सोत्ताच्या बी!"

यात खोटं काही नव्हतं. गावाखालची चढण म्हणजे निव्वळ तांबडी माती. पावसाळ्यात ट्रक तिथं आसापर्यंत रुतायचे. मग अग्बेको चार गडी घेऊन जायचा, चाकाखाली टायरांचे तुकडे सारायचा आणि गाडी ढकलून काढायचा. गाडी निघेस्तवर उतारू भुकेले व्हायचे, अन् दोव्ही टोपलीत तळलेली मासळी घेऊन हजर. घर चिखलावर चालायचं, दोन्हीकडून. उन्हाळ्यात सगळी माती करपली तरी अग्बेकोचे खड्डे तेवढे ओले असायचे. तोग्बेंनी, म्हणजे आमच्या गावच्या राजानं, एकदा विचारलं, तर म्हणाला, "झरा हाय तितं." झरा कोण घागरीनं ओततं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"सडक झाल्यावर खानार काय? डांबर?" अग्बेको ओरडला.

तेव्हा कुठं दोव्हीनं सुरी खाली ठेवली.

"तुमच्या खड्ड्यानं माझा नातू खाल्ला. आजून किती चारू त्याला?"

आम्ही वावराची वाट धरली. पुढचं ऐकायचं धाडस कुणाला झालं नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या लेकीला, एन्योला, कळा सुटल्या आणि दवाखान्याला निघालेली तिची गाडी त्याच चढणीवर फसली. अग्बेकोनं छाती फुटेस्तवर जोर लावला. हजार गाड्या काढणाऱ्या त्या गड्याला लेकीची गाडी हलवता आली नाही. पोर गाडीतच झालं. ते रडलंच नाही. आता एन्यो परत गरोदर होती, आणि दिवस भरणार होते ते पुन्हा पावसाळ्यातच.

संध्याकाळी बघतो तर अग्बेको स्वतःचं बसायचं उरलेलं एकुलतं टायर गडगडत सडकवाल्यांच्या तळाकडं चालला होता. मान खाली, तोंडानं शिव्या चालू.

सडकेचे इंजिनियर लॅम्प्टेसाहेब सांगत होते, की पाण्याचे रिकामे प्लास्टिकचे पाऊच आणा, त्यांचे तुकडे तापल्या खडीवर टाकले की वितळून खडीला धरतात, वरून टायराचा चुरा घातलेलं डांबर; मग पाण्यानं सडक काही उखडत नाही. आधी गाव हसलं. "कचऱ्यावरनं गाड्या जानार व्हय!" पण दोव्हीनं बाया गोळा केल्या आणि गटारं, बाजार, शाळेमागचा ढीग, सगळं उपसून काढलं. शेवटी शेवटी तर शेजारच्या गावाची माणसं आमचा कचरा चोरायला लागली, तेव्हा तोग्बेंनी उकिरड्यावर राखण बसवली. असलं वैभव आमच्या उकिरड्यानं जन्मात बघितलं नव्हतं.

सडक झाली. मग पाऊस लागला तो उघडेचना. सडक आपली घासलेल्या तव्यागत काळीभोर. सगळं गाव बघायला उभं. पहिला ट्रक आला. आम्ही हात वर केले. तो भर्रकन् गेला आणि आमच्या अंगावर पाणी उडवून गेला. दुसरा तसाच. कालपर्यंत दोव्हीला "आई, दोन जास्त घाल" म्हणणारे डायवर आता नुसता हॉर्न द्यायचे. मासळी संध्याकाळी वास मारायची. गावातली मांजरं तेवढी पुष्ट झाली.

बाया म्हणाल्या, "ब्रेकर पायजे. गाडी हळू झाली तरच कुनी घेईल." साहेब कबूल झाले, म्हणाले, थोडे पाऊच आणा, शेवटचा घाणा करतो. पण दोव्ही आडवी आली.

"माझी पोर बाळंत होईस्तवर या सडकंवर बोटाएवढा उंचवटा करू देनार न्हाई."

"सडक काय तुझ्या बापाची हाय?"

"बापाची न्हाई, माझ्या कचऱ्याची हाय!"

बाया तोंड वाकडं करून गेल्या, पण पाऊच कुणी नेले नाहीत.

एका दुपारी, धो धो पावसात, एन्योला कळा आल्या. दोव्ही तिला गाडीत घालून दवाखान्याला निघाली. अग्बेको आधीच चढणीवर जाऊन उभा होता, सवयीनं. गाडी आली, त्यानं हात पुढं केले, आणि हात पुढंच राहिले. गाडी कधीच वळणापार झाली होती. कितीतरी वेळ तो तसाच भिजत उभा. हसत होता की रडत होता, पावसात कळत नव्हतं.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दोव्ही परतली ती घोटभर पाणीही न पिता थेट साहेबांपुढं उभी.

"साहेब, आता घाला ब्रेकर. चांगला दनकट."

"अहो, कालपर्यंत तुम्हीच..."

"काल ती पोटात व्हती. आता तिला खायाला लागनार."

शेवटचा घाणा झाला. खोरं मारायला अग्बेकोच पुढं होता, रिकामाच होता ना.

आठवड्यानं एन्यो लेक घेऊन माघारी आली. गाडी ब्रेकरवर चढली, धाडकन् उतरली, आणि तान्हीनं असं भोकाड पसरलं की उकिरड्यावरचा राखणदारसुद्धा उठून बसला.

"आई, कुन्या मेल्यानं हा धोंडा घातला गं वाटंत?"

"तुझा बाप, दुसरं कोन?" दोव्ही म्हणाली. एका हातानं तिनं खिडकीतनं नात घेतली, दुसऱ्या हातानं मासळीची टोपली आत सारली. उतारूंचे हात पुढं आले. डायवरनं कातावून हॉर्न दिला.

"थांब रे भाड्या," दोव्ही म्हणाली. "कशापायी बांदलाय मग?"