समुद्रातलंच ना?

एकतीस वर्षं मी रेल्वेत टीसी होतो. विनातिकीट माणूस मला डब्यात शिरल्याबरोबर कळायचा. तो खिडकीबाहेर जरा जास्तच पाहतो, आणि आपण जवळ गेलो की त्याला अचानक झोप लागते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ही नजर काही निवृत्त झाली नाही. भाजीवाल्यापासून भाच्यापर्यंत मी सगळ्यांकडे तसाच पाहतो. आमच्या सौभाग्यवती इंदूबाई म्हणतात, हा रोग आहे. मी म्हणतो, अनुभव आहे.

याच अनुभवापायी दामिनी मॅडमनी मला त्यांच्या संस्थेत घेतलं. संस्थेचं नाव वनसागर न्यास, आणि काम देशातले वन्यजीव आणि समुद्र वाचवण्याचं. नागपुरात समुद्र कुठून आला, असं सगळे विचारतात, तसं मीही विचारलं होतं. मॅडमनी टेबलावर एक काळी, जाळीदार फांदी ठेवली. ते इंद्रजाल. पूजेच्या आणि वास्तूच्या दुकानांत ते फ्रेम करून विकतात, दारावर लावलं की घराला नजर लागत नाही म्हणे. घेणाऱ्याला वाटतं, ही जंगलातली दुर्मीळ वनस्पती. खरं तर तो समुद्राच्या तळाशी बारक्या जिवांनी वर्षानुवर्षं उभारलेला सांगाडा, आणि कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. किनाऱ्यावर तो चोरून काढतात आणि चारी दिशांच्या गाड्या इथून जातात म्हणून माल इथे उतरतो.

माझं काम गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं. माल दिसला की मॅडमना कळवायचं, त्या वनखात्याला कळवणार, आणि दुसऱ्या दिवशी धाड. मॅडमनी बजावलं होतं की प्लास्टिकचा नकली मालही फिरतो, तेव्हा खात्री करा. म्हणून मी एक हमखास प्रश्न ठेवला होता. दुकानदाराने फांदी दाखवली की मी चष्मा सावरून विचारायचो, "अस्सल आहे ना? समुद्रातलंच ना?" दुकानदार क्षणभर माझ्याकडे पाहायचा, मग हो म्हणायचा. मला तो प्रश्न फार आवडायचा.

पहिली धाड इतवारीत पडली. दुकानात अगरबत्त्या, कापूर, तांब्याची भांडी, सगळं होतं. इंद्रजाल तेवढं नव्हतं. दुसरी धाड महालात, तिथेही तेच. कोणीतरी आतून खबर देत होतं हे उघड होतं. कार्यालयात आम्ही माणसं तीन: मॅडम, मी आणि मेघा मेश्राम.

मेघा पस्तिशीची, इंदोऱ्याला आईसोबत राहणारी. कोणत्या किनाऱ्यावरून माल निघतो, कोणत्या गाडीने येतो, कोण उतरवून घेतं, ही दोन वर्षांची सगळी फाइल तिने एकटीने उभी केलेली. मला म्हणाल तर ती फारच शांत होती. फोन आला की जिन्यात जाऊन बोलायची. धाड फसल्यावर मॅडम चिडल्या, मी चिडलो, ही मात्र गप्प बसून फाइल चाळत राहिली. डब्यात सगळे कुरकुरत असताना एकच माणूस शांत असेल तर टीसीने काय समजावं?

आणि मग मी तिला पाहिलं. त्याच इतवारीच्या दुकानात, धाड फसल्याच्या आठवड्यातच. दुकानदाराशी हसून बोलत होती. त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, ते तिने पर्समध्ये टाकलं. मी समोरच्या कापडाच्या दुकानाआड उभा राहून सगळं पाहिलं. बौद्धाची पोरगी पूजेच्या दुकानात कशाला जाईल? हा प्रश्न मी मॅडमपुढे ठेवला, अगदी याच शब्दांत. मॅडमच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी ऐकून घेतलं. मेघाचा करार महिनाअखेरीस संपत होता. तिला सांगण्यात आलं की सध्या घरीच थांब, पुढचं कळवू. म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही समजलं. आईचं औषधपाणी त्याच नोकरीवर चालतं हे मला माहीत होतं. वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. चोर पकडल्याचं समाधान वाटलं.

तिसरं दुकान सीताबर्डीवर मी एकट्याने शोधलं, मेघाला पत्ताही नव्हता. धाड पडली. दुकान रिकामं.

आता शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी काय केलं? मनाशी म्हटलं, तिने जाण्याआधीच बाजारात सगळ्यांना सावध करून ठेवलं असणार. संशयाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

त्या रविवारी दुपारी जेवून उठलो, तर आतल्या खोलीच्या दारावर काच लावलेली फ्रेम. आत काळी, जाळीदार फांदी.  संस्थेचं काम गुप्त म्हणून मी घरात अवाक्षर काढलं नव्हतं. इंदूबाईंची शेजारच्या शोभाताईंशी बैठक असते, आणि तिथे गेलेली गोष्ट संध्याकाळी गल्लीच्या टोकाला पोचते. म्हणून त्यांच्यावरही माझा भरवसा नव्हता.

मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं की हे कुठून आणलं. त्या म्हणाल्या, इतवारीतून. शोभाताईंनी सांगितलं होतं की यानं घरातली वाईट नजर जाते.

"कोनाची नजर?"

"तुमची, जी. अजून कोनाची? सकाळपासून कोनावर ना कोनावर असतेच."

ते मी गिळलं. विचारलं, दुकानदाराने लगेच कसं दिलं? तो तर आता सगळ्यांना नाही म्हणतो.

"नाही काहून म्हनंल? त्यानं मले विचारलं, काकू, हे कायचं असते माहीत आहे का? मी म्हटलं, जंगलातलं झाड असते, अजून काय. तं हसला अन् पोटमाळ्यावरून काढून देल्लं. म्हने, एक चष्मेवाला म्हातारा फिरून राहिला बाजारात, समुद्रातलंच ना म्हनून विचारते. नागपुरात समुद्राचं नाव कोन घेते? तो आला का आमी एकमेकांले फोन करतो."

त्या पुढेही काही सांगत होत्या, मला ऐकू आलं नाही. तीन दुकानांत चष्मा सावरून, मान तिरकी करून विचारलेला माझा तो आवडता प्रश्न डोक्यात घुमत होता. खबऱ्या मीच होतो. आणि शिक्षा मेघा भोगत होती.

फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून मी तडक मॅडमच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याने जास्तच मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी वनखात्याचं पथक इतवारीच्या दुकानात थेट पोटमाळ्यावर चढलं आणि दोन पोती इंद्रजाल खाली उतरलं. सगळीकडून कौतुकाचे फोन आले. मॅडमनी एवढंच विचारलं, मेघाला त्या सांगतील की मी? मी म्हटलं, मीच जातो.

इंदोऱ्याचं तिचं घर दोन खोल्यांचं. तिने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली पाटावर दोन पांढऱ्या मेणबत्त्या जळत होत्या. शेजारी मेणबत्त्यांचं उघडं पाकीट आणि अगरबत्तीचा पुडा, त्यावर इतवारीच्या त्या दुकानाचा शिक्का. पौर्णिमा होती, त्यांच्या वंदनेचा दिवस. अख्खं आयुष्य नागपुरात काढलं, शेजारीपाजारी, रेल्वेत, किती बौद्ध मित्र झाले. पण पूजेच्या दुकानात त्यांच्या घरातलं माणूस मेणबत्त्या घ्यायला जात असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. खरं म्हणजे मी ते येऊच दिलं नाही.

मी पुडा पाहतोय हे तिने पाहिलं. मग मी सगळं सांगितलं. प्रश्न, फ्रेम, पोटमाळा, आणि मॅडमसमोर तिच्याबद्दल मी काय म्हणालो तेही, शब्द न बदलता. आतल्या खोलीत तिची आई खोकत होती. लाज म्हणजे काय ते मला त्या खुर्चीत कळलं.

मेघा आत जाऊन आईला पाणी देऊन आली. मग म्हणाली की सोमवारी येईल, कारण फाइल तिची आहे आणि पुढची कोर्टाची कागदपत्रं दुसऱ्या कोणाला जमणार नाहीत. माझ्यासाठी येत नाही हे तिने वेगळं सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ती दारात आली.

"एक विचारू का काका? टीसी तं आधी तिकीट मांगते ना?"

मी हो म्हटलं.

"मंग तुमी मले न मांगताच काहून उतरवलं?"

एकतीस वर्षांत मी कुठल्याच प्रवाशाला असं उतरवलं नव्हतं.  मग मी जिना उतरून बस स्टॉपवर येऊन उभा राहिलो.