लोखंड-कोबाल्टच्या चंबूची कैफियत

“दोन धातू एका रेणूत? कडबोळं करतीस व्हय गं?” मोहनराव सरांचा तो आवाज अजून माझ्या काचेत घुमतो.

मी एक जुना चंबू आहे, मित्रांनो. बारामतीतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला, कुशीला तोटी असलेला. पुण्याच्या कारागिराने मला ज्योतीवर फुंकून घडवलं, ते पाणी तापवायला नव्हे. हवेला दाराबाहेर ठेवायला.

सरांच्या डोक्यात हे कधी शिरलं नाही. कॉलेजात शिकवण्याआधी ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. शिजत्या पाकातून थेंब काढायचा, काचेवर पसरायचा, दाणा धरला का बघायचं. एवढीच त्यांची विद्या, आणि तीही चिकट.

कळंबहून एस.टी.ने येणारी त्यांची विद्यार्थिनी करुणा मात्र माझ्या तोटीला मायेने ग्रीस लावायची. माझ्यातली हवा ओढून नायट्रोजन भरायची, एकदा सोडून तीनदा. १९९४च्या उन्हाळ्यात तिने माझ्या पोटात लोखंड आणि कोबाल्ट एकत्र नांदवले. बर्फात ठेवल्यावर आठव्या दिवशी काळेभोर स्फटिक धरले. एकेका रेणूत धातूंचे चार अणू, फुगडीला हात गुंफलेल्या पोरींसारखे. वारा लागला की हात सुटणार. सोमवारी ते पुण्याला तपासणीला जायचे होते, तिचं एम.फिल. त्यांच्यावरच होतं.

शनिवारी दुपारी सर एकटेच आले. झाकण उपटलं, कांडीने दोन खडे काढले, बोटांत चोळले. “दाणा बरा हाय,” म्हणाले. केवढे हे पंडित! मग लोणच्याच्या बरणीला लावावं तसं झाकण लावून घरी जेवायला गेले.

सोमवारी माझ्या पोटात गंजासारखी भुकटी होती.

“तुझा हात हलला असंल,” सर करुणाला म्हणाले. तिने ते खरं मानलं. एकटा साक्षीदार मी, आणि मला तोंड आहे पण जीभ नाही.

जूनमध्ये ती प्रयोगशाळेची चावी परत द्यायला आली. “हे माझ्या हाताचं काम न्हाय, सर. बाबा म्हणत्यात, डी.एड.ला अर्ज कर.”

सर मला फडक्याने पुसत होते, आयुष्यात पहिल्यांदा. मित्रांनो, आम्हा काचेच्या भांड्यांना जपा, धुवा, पुसा. पण हात लावलात तर लावला म्हणून सांगा. नाहीतर तुमच्या पुसण्याला माझ्या लेखी काडीची किंमत नाही.

“चावी ठेव तुझ्यापाशी,” सर म्हणाले. बराच वेळ माझी तोटीच चोळत राहिले. मग मान वर न करता बोलले, “तुझा हात न्हाय हलला, करुणा. झाकण मी काढलं होतं.”