आमगावचे शेठ

एक आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर नाही. पण मला कोणी येडी समजलं की माझं डोकं फिरते, आणि मुन्नाभाऊनं मला सरळसरळ येडी समजलं होतं.

बचत गटांच्या संघाचं आमचं ऑफिस कामठ्यात आहे, राइस मिलच्या भिंतीला लागून. नऊ वर्षं झाली, मी तिथं लिपिक आहे. बायांच्या फायलींना आधार, पासबुक, सातबारा, सगळ्याची झेरॉक्स लागते. मागच्या साली गोंदियाच्या मुन्नाभाऊकडून मशीन घेतली, ती दोन महिन्यांत बसली. तेव्हापासून एकेका कागदासाठी बाया गोंदियाला जातात, दिवस फुकट. वरून तालुक्याच्या साहेबांनी बजावलं, "आता घ्याल ती पण बंद पडली, तर ऑफिसच गोंदियाला हलवतो." ऑफिस हललं की माझी खुर्ची गेली. तिकडं त्यांच्याकडं दोन लिपिक आधीच बसून आहेत.

नियम असा की तीन दुकानांची कोटेशनं घ्यायची आणि त्यातून निवडायचं. मुन्नाभाऊनं तिन्ही एकाच लिफाफ्यात आणून दिली. एक त्याचं, एक तिरोड्याचं, एक आमगावचं. "ताई, आपकी भागदौड बचा दी," म्हणाला. केवढी ती दया! तो गेल्यावर मी कागद उजेडात धरले. तिन्हींवर उजव्या बाजूनं, वरपासून खालपर्यंत एकच काळी रेघ, काजळाचं बोट ओढावं तशी. मशीनचा ड्रम खराब झाला की अशी रेघ पडते, तेवढं मागच्या मशीननं मला शिकवलं होतं. तीन गावं, तीन दुकानं, आणि ड्रम एकच!

आमच्या अध्यक्ष कुसुमबाई. मला वाटलं, त्या कागद फाडून फेकतील. त्या गालात हसल्या.

"फाडू नोको वो. तिघाइले बलाव. म्हणा, मशीन घेऊन या आन् बायाइसमोर चालवून दाखवा."

मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही मुन्नाभाऊच्याच हातात दिली. "पोचवून द्या ना भाऊ, तुमच्या ओळखीचे आहेत." त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

सोमवारी टेम्पो दारात लागला. मुन्नाभाऊ उतरला. "जयभीम कुसुमबाई! नमस्कार ताई!" इतका गोड, की मुंग्या लागाव्या. तिरोड्याच्या मालकाला म्हणे ताप आला होता. "और ये आमगावके शेठ."

शेठला पाहून मला ठसकाच लागला. दुधराम! मुन्नाभाऊच्या टेम्पोचा डायव्हर! इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन. मागची मशीन यानंच आणली होती, पाच वेळा दुरुस्तीला नेली होती. दर वेळी दुसरं टोक आम्ही बायांनी धरलं होतं, त्याला पाणी दिलं होतं. पण मुन्नाभाऊच्या मते डायव्हरचं तोंड कोण पाहते! खरं सांगते, मला कोटेशनपेक्षा याचा राग जास्त आला.

जमलेल्या बायांतल्या देवकाबाईनं तोंडात पदर कोंबला. कुसुमबाईंनी सगळ्या बायांवरून एक नजर फिरवली, आणि कोणी म्हणून हसलं नाही.

"या शेठ, बसा. प्रेमिला, शेठले खुर्ची दे. पह्यला चहा शेठले."

मी दिलेल्या खुर्चीच्या टोकावर दुधराम टेकला. मुन्नाभाऊ उभाच राहिला. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर मी फायली रचून ठेवल्या होत्या.

आमगावची म्हणून आणलेली लहान मशीन खोक्यातच ठेवून मुन्नाभाऊनं आपली मोठी रंगीत मशीन लावली. हिच्यात स्कॅन आहे, मोबाइलवरून प्रिंट आहे, एका मिनिटात इतके कागद आहेत. एक गुलाबाचं फूल छापून दाखवलं. आमच्या कोणत्या फायलीला गुलाबाचं फूल लागते, देव जाणे.

"आता शेठ सांगतीन," कुसुमबाई म्हणाल्या.

दुधरामनं पाठ केलेलं म्हणून टाकलं. "आमच्याकडं महाग हाय. मुन्नाभाऊचीच घ्या."

"ते राहू द्या शेठ. तुमच्या घरची बाई हे ऑफिस चालवत असती, त तिले कोणती मशीन देली असती?"

दुधरामनं कपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खरं सांगू?"

"शेठ मानूस खोटं कायले बोलन?"

"त मंग हे रंगीत नोका घेऊ. बाजूची मिल पाहा, कोंडा उडून राहिला. हा डब्बा कोंडा खाते आन् बसते. नवी बी नाई हे, जुनीच पुसून आणली. ते लहान काळी-पांढरी हाय ना, खोक्यातली, ते घ्या. तशा चार पोचवल्या, एक बी वापस आणा नाई लागली. कोणती मशीन वापस येते, ते माह्या पाठीले समजते."

"शेठ, तुम्ही स्वतः मशीन उचलता?" मला राहवलंच नाही.

"उचला लागते ताई. आमगावात माणसं नाई भेटत."

"अबे दुधरा..." मुन्नाभाऊच्या तोंडून निघालंच, आणि त्यानं जीभ चावली.

"काऊन भाऊ?" कुसुमबाई त्याच्याकडं वळल्या. "शेठचं काई चुकलं का?"

आता काय बोलणार बिचारा! चुकलं म्हणावं, तर शेठ डायव्हर ठरतो. बरोबर म्हणावं, तर मशीन हातची जाते. मी तेवढ्यात तिन्ही कोटेशनं एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. काळी रेघ एकीवर एक तंतोतंत बसली. मुन्नाभाऊनं रुमाल काढला.

"नही नही, शेठ सही बोल रहे."

ठराव तिथंच लिहिला. लहान काळी-पांढरी मशीन, आमगावच्या दुकानाची. खाली कुसुमबाईंनी एक अट सांगितली आणि मी ती ठळक लिहिली. दोन वर्षं, दर महिन्याला मशीन साफ करायला आमगावचे शेठ जातीनं येतील. शेठ बदलले, तर मशीन परत आणि हे तीन कागद साहेबांच्या टेबलावर. दुधरामला घरी बसवायचा रस्ताच बंद! मुन्नाभाऊनं मुकाट्यानं सही केली.

बाया दारापर्यंत निरोप द्यायला गेल्या. दुधराम सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेला.

"अवो माय! शेठ होऊन गाडी चालवता?" देवकाबाई ओरडली.

दुधरामनं चावी मुन्नाभाऊच्या हातात ठेवली आणि दुसऱ्या बाजूनं जाऊन बसला.

आठ महिने झाले. साहेब दोनदा येऊन मशीन पाहून गेले, ऑफिस हलवायचं नाव नाही, माझी खुर्ची जागच्या जागी आहे. दुधराम दर महिन्याला येतो, कोंडा झाडतो, खुर्चीवर नीट टेकून बसून चहा घेतो. टेम्पो मुन्नाभाऊ चालवतो.